काशीला सोडलेला गहू

मी काशीला कधीही गेलेलो नाही. तरीही काशीला जाऊन मी गहू सोडून आलो, असं मी ऑफिसातल्या चार माणसांना भर जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. नुसता गहू नाही, कांदा, लसूण आणि दूधसुद्धा.

हा मूर्खपणा का केला ते सांगायचं तर आधी माझ्या पोटाबद्दल सांगावं लागेल, आणि नेमकं तेच मला इतकी वर्षं कुणाला सांगायचं नव्हतं.

माझ्या पोटाला काहीही झालेलं नाही. हे मी म्हणत नाही, रिपोर्ट म्हणतात. रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. फक्त मी नॉर्मल नाही. सकाळी चहा घेऊन झाशीच्या नगऱ्यातल्या आमच्या रेल्वे क्वार्टरमधून बाहेर पडेपर्यंत मला तीन-चारदा परत आत जावं लागतं. दुपारी जेवलो की पोट असं फुगतं, की टेबलाखाली पँटचा हुक गुपचूप सोडून बसावं लागतं. आणि साहेबांचं बोलावणं बरोबर त्याच वेळी येतं. कधी याच्या उलट तीन-तीन दिवस काहीच होत नाही. त्या तीन दिवसांत मी कुणाशी धड बोलत नाही, आणि चौथ्या दिवशी कुणाशी बोलायला सापडत नाही.

झाशीतल्या डॉक्टरांनी सगळे कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "आईबीएस है. आँत चिड़चिड़ी है आपकी."

बायको शेजारीच बसली होती. ती मराठीत म्हणाली, "फक्त आतडंच?"

मी विचारलं, "इलाज?"

"टेंशन मत लीजिए," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटची घंटी वाजवली. आता मला सांगा, ज्या माणसाला नगऱ्याहून ऑफिसापर्यंतच्या रस्त्यावर कुठे कुठे संडास आहे आणि त्यातल्या कुठल्याला आतून कडी आहे हे पाठ करून घराबाहेर पडावं लागतं, त्याने टेन्शन घ्यायचं नाही तर काय घ्यायचं? दूध तर बंद.

डॉक्टरांनी ज्या आहारवाल्या बाईंकडे पाठवलं, त्यांनी एक छापील कागद दिला. दोन रकाने होते. डावीकडे न खाण्याचं: गहू, मैदा, रवा, कांदा, लसूण, दूध, खवा, राजमा, छोले, चणाडाळ, उडीद, फ्लॉवर, मटार, सफरचंद, आंबा, काजू, मध. रकाना संपला म्हणून थांबले असावेत. उजवीकडे खायला हरकत नसलेलं: अंडी, मासे, चिकन, मटण, तांदूळ, ज्वारी, गाजर, काकडी, दुधी.

"मैडम, मैं शाकाहारी हूँ," मी म्हणालो.

त्यांनी कागद परत घेतला, पेन काढलं आणि उजव्या रकान्यातल्या पहिल्या चार गोष्टींवर एक सरळ रेघ मारली. मग उरलेल्याकडे त्यांनीही जरा वेळ पाहिलं. "मूँग की दाल थोड़ी-थोड़ी ट्राई कीजिए," त्या म्हणाल्या. मूग म्हणजे जसा काही विस्तवच.

चिडायचं तर मी या गोष्टीवर सगळ्यात जास्त चिडतो. मांसाहारी माणसाने चार गोष्टी सोडल्या तरी त्याच्या ताटात काहीतरी ऐवज उरतो. शाकाहारी माणसाचं जेवण म्हणजे गहू, डाळ आणि दूध, वर कांदा-लसणाची फोडणी. हे काढून घेतलं की ताटात ताट उरतं. हिंग चालेल म्हणाल्या होत्या, म्हणून मोठ्या आनंदाने घरी येऊन हिंगाची डबी हातात घेतली आणि चष्मा लावून वाचली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, मैदा. हिंगातसुद्धा!

घरात दोन फोडण्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने बायकोने दुसरी फोडणी प्रेमाने केली, त्यानंतर आवाजाने. माझ्यासाठी पळी कढईवर जरा जास्तच जोरात आपटायची. भुसावळहून माहेरचं कुणी येणार असलं की ती ज्वारीचं पीठ मागवायची आणि माझ्यापुरत्या भाकऱ्या थापायची. मी कृतघ्न माणूस. होळीला तिने पुरणपोळ्या केल्या, तेव्हा 'बघू तर खरं काय होतं' म्हणून दोन खाल्ल्या. काय होतं ते दीड दिवस बघितलं.

तर घरी निभत होतं. खरी पंचाईत ऑफिसातल्या डब्यांची होती.

मी रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी करतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाच जण दोन टेबलं जोडतो, पाच डबे मध्ये उघडतो आणि सगळे सगळ्यांचं खातात. आपल्याच डब्यात मान घालून जेवणाऱ्या माणसाला आमच्याकडे एक तर घमेंडखोर समजतात, नाहीतर आजारी. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी अठरा वर्षं माझ्या शेजारीच बसतो. त्याचं घर खंडेराव गेटजवळ. त्याची आई, जिला आम्ही सगळेच अम्मा म्हणतो, त्याच्या डब्यात माझा वाटा वेगळा घालते. माझी बायको बाळंतपणाला भुसावळला गेली होती तेव्हा अम्माने मला चार महिने जेवू घातलं. त्यानंतर मुलगी कॉलेजात गेली तरी माझा वाटा चालूच आहे.

आणि तो वाटा काय असावा? गक्कड़ आणि भर्ता. गक्कड़ म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवून काढलेले. भर्ता म्हणजे भाजलेलं वांगं, आणि त्यात लसूण असा, की डबा उघडला की पलीकडच्या खोलीतला माणूस इकडे बघतो. आहारवाल्या बाईंचा अख्खा डावा रकाना कुणीतरी मायेने शिजवून पाठवावा तसं ते होतं.

एकदा मी खरं सांगून पाहिलं. म्हणालो, "यार, पेट ज़रा ठीक नहीं रहता."

बस्स. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ओवा, दोन प्रकारची चूर्णं, बेलाचा मुरंबा आणि एका बाबांचा फोन नंबर येऊन पडला. तेही चाललं असतं. पण पुढे रोज सकाळी हॉलच्या त्या टोकावरून बड्या बाबूंची, म्हणजे आमच्या हेडक्लार्कची, हाक यायची, "आज कितनी बार?" आणि मी काही बोलायच्या आत दुसरा कुणीतरी सांगायचा, "चेहरा देखिए, तीन से कम नहीं." हॉलमध्ये बायका बसतात. त्यांतली एक तर माझ्याकडे बघून मान हलवायची, घरात कुणी गेल्यासारखी.

अम्माचा निरोप आला: रात्री झोपताना गरम दुधातून इसबगोल. दूध मला चालत नाही हे सांगायचं धैर्य झालं नाही. आठवडाभर घेतलं. त्याच आठवड्यात एका कामासाठी झाशीजवळच्या बबीन्याला जाऊन यायचं होतं. परतीच्या पॅसेंजरमध्ये मी जो संडासात शिरलो तो झाशीचा सिग्नल आला तरी बाहेर निघालो नाही. शेवटी कुणा फौजीच्या बायकोने दार वाजवून विचारलं, "भैया, ज़िंदा हो?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जाहीर केलं की इसबगोलने मी ठणठणीत बरा झालो. म्हणजे पुन्हा गक्कड़ सुरू.

मग ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासायचं ठरवलं. तोंडाकडून नाही, दुसरीकडून. मी 'घरगुती काम' म्हणून दोन दिवसांची रजा टाकली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते औषधी पाणी लीटरभर प्यायलो, पोटाबरोबर मीही साफ झालो. दुर्बिणीला काहीही दिसलं नाही. नॉर्मल! आतून काही सापडलं असतं तर निदान लोकांच्या तोंडावर फेकायला एक भारदस्त नाव मिळालं असतं. तेवढंही नशिबात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कामावर गेलो तेव्हा मी पांढरा पडलेला, डोळे खोल गेलेले, बोलायला शक्ती नाही म्हणून आवाज अगदी मृदू. डबे उघडता उघडता शेजारचा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, "क्या बात है, बड़ा तेज है चेहरे पर. कहाँ हो आए?"

ग्वाल्हेर म्हटलं असतं तर 'ग्वालियर में क्या था' हा प्रश्न आला असता. माझ्या तोंडून निघून गेलं, "काशी."

आणि काशी म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच. बड्या बाबूंनी विचारला, "वाह! क्या छोड़ा?"

काशी-गयेला जाऊन खाण्यातली एखादी गोष्ट जन्माची सोडायची, ही रीत आमच्याकडेही आहे. आमच्या घरात लोकांनी ती फार हुशारीने पाळली. आईने पडवळ सोडलं, जे तिला कधीच आवडलं नव्हतं. काकांनी कारलं सोडलं. एका आत्याने जे फळ भुसावळात मिळतच नाही ते सोडलं. हे सगळं मला क्षणात आठवलं आणि वाटलं, अरे, ही तर नामी सोय आहे. आजार सांगितला की लोक औषध देतात, सोडलं म्हटलं की कुणी आग्रहसुद्धा करत नाही.

"प्याज-लहसुन," मी म्हणालो.

चौघांनी माना डोलावल्या. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण समोर चार गक्कड़ तुपात चमकत होते.

"और गेहूँ," मी म्हणालो.

लोक वांगं सोडतात, फणस सोडतात, फार तर एखादी मिठाई. गहू सोडलेला माणूस बुंदेलखंडात कुणी पाहिला नव्हता.

"गेहूँ?" शेजाऱ्याने विचारलं. "मतलब रोटी?"

"रोटी, पूड़ी, सब. दूध भी."

तो उठला आणि खरोखर माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागे घेतले, पण फार मागे घेतले नाहीत.

पुढचं दीड वर्ष माझ्या ऑफिसातल्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं. पोट होतं तसंच होतं, पण आता त्याची चौकशी होत नव्हती. मी आपला भात, गाजर आणि दुधी घेऊन बसायचो आणि लोक माझ्या डब्याकडे आदराने बघायचे. कुणाच्या घरी मुंज, बारसं असलं की यजमान स्वतः आचाऱ्याला सांगायचा, "साहब का खाना अलग." मंगळवारी आवारातल्या देवळात आरतीचं तबक माझ्या हातात यायला लागलं. दोन माणसांचं खुर्चीवरून भांडण झालं तर मला मध्ये घेऊन जायचे, कारण जो गहू सोडू शकतो तो खोटं कशाला बोलेल. आणि मी जायचो, चक्क जायचो! आवाजही मुद्दाम ग्वाल्हेरहून परतलो होतो तसाच मृदू ठेवला होता.

घरी यातलं काहीच माहीत नव्हतं.

पितृपक्षाच्या आधीची गोष्ट. शेजाऱ्याने दहा दिवसांची रजा टाकली. अम्माला घेऊन तो आधी काशी आणि मग गयेला वडिलांचं पिंडदान करायला निघाला होता. मी म्हटलं, छान. तो काही छान दिसत नव्हता.

"एक बात कहनी थी," तो म्हणाला. "अम्मा गेहूँ छोड़ रही हैं."

"क्या?"

"आपको देखकर. कहती हैं, वो नौकरी-गृहस्थी वाले होके छोड़ सकते हैं तो हम काहे नहीं. आठ दिन से रोटी को हाथ नहीं लगाया."

मला आधी कळलंच नाही, मग हळूहळू कळत गेलं. अम्मा पंच्याहत्तरीच्या पुढे. तिला साखरेचा आजार, त्यामुळे भात बंद. दात चारच, त्यामुळे ज्वारी-बाजरीची कडक रोटी चावत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन पातळ गव्हाच्या पोळ्या डाळीत कुस्करून खायची, तोच तिचा आहार. तो तिने माझ्या थापेपायी बंद केला होता. आठ दिवस नुसती डाळ आणि दूध. परवा अंगणात चक्कर येऊन पडली होती, कोपर सोललं होतं.

"अभी से क्यों?" मी विचारलं. "वहाँ जाकर छोड़ना है न?"

तो म्हणाला, "कहती हैं, गंगा जी में खड़े होकर कहना है, तो पहले घर में देख लें निभता है कि नहीं. मैया के सामने झूठ नहीं बोलना."

मी डबा बंद केला.

"आप समझाइए उन्हें," तो म्हणाला. "हमारी नहीं सुनतीं. डॉक्टर की नहीं सुनतीं. आपकी सुनेंगी. मंगल की गाड़ी है. एक बार वहाँ मुँह से बोल दिया तो फिर मर जाएँगी पर रोटी नहीं खाएँगी."

हे त्याने उगाच म्हटलेलं नव्हतं. अम्माला मी ओळखतो. नवरा गेल्यावर तिने चहा सोडला, त्याला सव्वीस वर्षं झाली.

त्या संध्याकाळी बायकोला आणि मुलीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं बायको आधी काशीवरून बोलेल. ती म्हणाली, "पण गहू कशाला जोडलात? कांदा-लसणावर थांबता येत नव्हतं? हाव मेली!"

मुलगी मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "बाबा, सीधं सांगून टाका ना आता. आईबीएस बोला फक्त. फुल फॉर्म नका सांगू."

रविवारी दुपारी बायको आणि मी खंडेराव गेटला गेलो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो. ती चांगली जुळली होती, पण त्यांत खरं काहीच नव्हतं. अठरा वर्षांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या बाईला, जिच्या हातचं मी खाल्लंय, तिला आपल्या संडासाच्या वाऱ्या कशा सांगायच्या? त्यापेक्षा दुसरी थाप मारावी असं मी ठरवलं होतं. बायकोला तेवढं बोललो नव्हतो.

अम्मा अंगणात खाटेवर बसली होती. कोपराला पट्टी, गाल बसलेले. मला बघून उठायला लागली तर मुलाने धरून बसवलं.

"अम्मा," मी माझ्या त्या मृदू आवाजात सुरुवात केली, "काशी के पंडा जी ने मुझे कहा था, सत्तर के ऊपर वालों को अन्न नहीं छोड़ना चाहिए. दोष लगता है."

अम्मा म्हणाली, "कौन पंडा ने कई?"

"थे एक."

"कौन घाट पे?"

झाशीत बसून मला काशीचे किती घाट माहीत असणार? "बड़े वाले," मी म्हणालो.

अम्माने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग पंडे काय, बोलतच असतात अशा सुरात हात झटकत म्हणाली, "पंडा तो कैतई रैत. तुमने छोड़ो, तुमाओ का बिगड़ो? चेहरे पे कित्तो तेज है." आणि सुनेला हाक मारली, "बहू, थाली लै आओ."

थाळी आली. तिने स्वतः बसून सुनेकडून करवून घेतलं होतं, मला चालेल असंच सगळं. गहू नाही, कांदा-लसूण नाही, दूध नाही. भात होता. चण्याची घट्ट डाळ होती. फ्लॉवर-मटारची भाजी होती. वर राजम्याची वाटी, कारण रोटी नाही तर अंगात जोर कुठून येणार. काशीच्या माझ्या यादीत यातलं काहीच नव्हतं. यादी करताना एवढा पुढचा विचार कोण करतो!

बायको मराठीत हळूच म्हणाली, "खाऊ नका. सांगून टाका."

"हो, सांगतो," मी म्हणालो आणि डाळ-भाताचा घास घेतला. अम्मा समोर बसून बघत होती. पुढ्यात तिची वाटीभर पातळ डाळ. ती चमच्याने पीत होती. मी खाली मान घालून खात राहिलो. काहीतरी बोलायला तोंड उघडायचो आणि त्यात राजमा घालायचो. आता आठवलं तरी मला माझी अशी चीड येते की सांगता येत नाही. एक वाक्य बोलायचं होतं, त्याऐवजी मी अख्खी थाळी संपवली.

वीस मिनिटं झाली असतील. आधी बेंबीच्या डावीकडे कुणीतरी दोरी पिळल्यासारखं झालं. मग पोटातून असा आवाज आला, की खाटेखालची मांजर उठून गेली. घाम फुटला. अम्माचा मुलगा काहीतरी गाडीच्या वेळेबद्दल बोलत होता, मी मान हलवत होतो आणि डोळ्यांनी अंगणाचं माप घेत होतो. संडास पलीकडच्या कोपऱ्यात, पत्र्याचं दार, खाटेपासून दहा पावलांवर. दहाच्या ऐवजी मी सहा पावलांत गेलो.

पुढचं सविस्तर सांगत नाही. पत्र्याच्या दाराचा एक गुण असतो, आतलं सगळं ते बाहेर मोठं करून पोचवतं.

थोड्या वेळाने दाराशी काठी टेकल्याचा आवाज आला. अम्मा उठून तिथवर आली होती.

"काए लला, का हो गओ?"

"कुछ नहीं अम्मा," मी आतून म्हणालो. तेवढ्यात पोटाने दुसऱ्यांदा सांगितलं की काहीतरी आहे.

"हमाए खाने सें भओ? बहू ने कछू गलत डार दओ का?"

बाहेर सुनेचा रडवेला आवाज आला, "नहीं अम्मा, सब वैसा ही बनाया जैसा आपने कहा."

आता त्या सुनेच्या माथीही माझं पाप जाणार होतं. मी पत्र्याच्या दाराकडे बघत बसलो होतो. समोर कुणाचं तोंड नव्हतं. कदाचित म्हणूनच जमलं. आतूनच मी सांगायला लागलो, मोठ्याने, कारण नळही चालू होता.

"अम्मा, बहू की गलती नहीं है. मेरा पेट ऐसा ही है. छह साल से. गेहूँ खाऊँ तो यही होता है. प्याज से, दूध से, राजमा से, सबसे. डॉक्टर ने छुड़वाया है."



"काशी मैं गया ही नहीं," मी म्हणालो. "कभी नहीं गया. उस दिन ग्वालियर गया था, जाँच कराने."

"काए की जाँच?" अम्माने विचारलं.

मी ते सुद्धा सांगितलं. दुर्बीण कुठून घातली तेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना, बोलणंही आणि बाकीचंही. तुमच्या इसबगोलने मी बरा झालो नव्हतो, बबीन्याच्या गाडीत अडकलो होतो. गक्कड़ मला फार आवडतात, पण दुसऱ्या दिवशी मी माणसात नसतो. चेहऱ्यावर तेज नाही, अशक्तपणा आहे. "मैंने कुछ नहीं छोड़ा अम्मा, मुझसे छूट गया. आप मेरी वजह से रोटी मत छोड़िए."

नळ बंद केला. बाहेर काठीचा आवाज लांब जात गेला. मग खाट करकरली, आणि अम्मा सुनेला म्हणाली, "तवा चढ़ाओ."

मला बाहेर यायला आणखी दहा मिनिटं लागली. त्यातली पाच पोटासाठी, पाच तोंड दाखवायचं कसं या विचारात. शेवटी आलो. अम्माचा मुलगा भिंतीकडे बघत उभा होता; त्याचे खांदे हलत होते, तो रडतोय की हसतोय ते मला कळलं नाही. बायको सुनेबरोबर चुलीपाशी बसून पोळी लाटत होती आणि माझ्याकडे न बघता लाटणं जरा जास्तच जोरात चालवत होती. अम्माच्या पुढ्यात डाळीची वाटी होती आणि ती त्यात गरम पोळी बारीक बारीक कुस्करत होती. कुस्करून झाल्यावर तिने पहिला घास घेतला, चार दातांनी सावकाश चावला, दुसरा घेतला. आठ दिवसांची भूक होती, तिला माझ्याकडे बघायची घाई नव्हती.

मी हात जोडून उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं.

अम्माने हात वर करून मला थांबवलं, घास गिळला, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टट्टी लगी है, इत्ती बात तो हमाओ तीन बरस को नाती भी कै लेत, लला."